बिननावाचं पाकीट

नेल्सन आर्बिसा सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवायचा, आणि ते काम करताना त्याच्या तोंडात कायम पंधरा-वीस बारीक खिळे असायचे. एकेक खिळा जिभेने ओठावर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने अलगद उचलायचा आणि ठोकायचा. त्यामुळे दिवसातले आठ तास त्याला बोलता येत नसे, नुसतं ऐकता येई. आख्ख्या तक्वारेम्बो गावात असा ऐकणारा दुसरा नव्हता. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणत, समोरच्या बाकावर बसून येर्बाच्या कडू चहाचा तुंबा नळीने ओढत, घरातली उणीदुणी सांगून मोकळी होत, आणि मास्तर हूं हूं करत. वय एकसष्ट, लग्न नाही. का नाही, याची तीन-चार कारणं गावात फिरत असत, पण बहीण एल्बिया आपलं वेगळंच सांगायची. "तोंडातले खिळे काढून 'माझ्याशी लग्न करतेस का' एवढं विचारायला आमच्या नेल्सनला सवडच झाली नाही."

एल्बिया त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती नेल्सनकडे राहायला आली आणि पुढचं घर तिने ताब्यात घेतलं, मागची कार्यशाळा त्याच्याकडे राहिली.

सहा वर्षांपूर्वी नेल्सनला झुल्मा बेर्रुती सापडली. सापडली असंच म्हणायचं, कारण तिला तेव्हा कुणी शोधत नव्हतं. माँटेव्हिडिओच्या एका रेडिओवर ती तीस वर्षं बोलली, मग रेडिओवाल्यांनी तिला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. घरी बसून ती पॉडकास्ट करायला लागली. नाव 'मागलं दार'. दर रविवारी कुणाच्या तरी घरातली एक वस्तू घ्यायची आणि तिची गोष्ट सांगायची. स्वयंपाकघरात बसून बोलायची बाई, मागे फ्रिज घरघरत असायचा. आवाज मात्र असा, की नेल्सन हातोडी खाली ठेवून ऐकायचा. ऐकणाऱ्यांचा आकडा फोनवर दिसायचा. अकरा. आपण त्या अकरांतले, हे नेल्सनने एल्बियाला इतक्यांदा सांगितलं होतं, की तिने एकदा विचारलं, "बाकीच्या दहांचं काय, त्यांनाही जेवायला बोलवायचं का?"

एकदा झुल्मा म्हणाली, तुमच्याकडे काही गोष्ट असेल तर पाठवा. नेल्सनने खिळे काढून वाटीत ठेवले आणि जन्मात पहिल्यांदा कुणासाठी तरी दहा मिनिटं सलग बोलला. गावातल्या एका वकिलाची आरामखुर्ची त्याच्याकडे आली होती. वकील साखरेच्या आजाराने वारला होता, घरात गोड बंद होतं. बायको इतकी कडक की नातवंडांची चॉकलेटंसुद्धा कुलपात. नेल्सनने खुर्चीचं बूड फाडलं तर स्प्रिंगांच्या खाली दोनशेच्या वर गोड गोळ्यांचे कागद, नीट घड्या घातलेले. त्याने ते वकिलाच्या बायकोला नेऊन दाखवले. बाई आधी पाहत राहिल्या आणि मग, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून हसल्या.

झुल्माने ती गोष्ट वीस मिनिटं सांगितली. मधेच तिलाही हसू आवरेना. शेवटी म्हणाली, "ही गोष्ट तक्वारेम्बोच्या एका मास्तरांची. मास्तर, तुम्ही माझा रविवार गोड केलात." त्या गोष्टीनंतर अकराचे तीनशे झाले. नेल्सनने आणखी दोन गोष्टी दिल्या, आणि तीनशेचे चार हजार झाले. आता ते काही त्याच्या गोष्टींमुळेच झाले असं नाही, पण नेल्सनचा हिशेब साधा होता. हे झाड आपण लावलंय.

मग माँटेव्हिडिओच्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेने 'मागलं दार' आपल्याकडे घेतलं. दोन तरुण आणि एक तरुणी, तिघंही हुशार. त्यांनी झुल्माला चांगला माइक दिला, फ्रिजची घरघर गेली, आणि सहा महिन्यांनी त्यांनी कुलूप लावलं. गोष्टीचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना फुकट. दुसरा अर्धा आणि ऐकणाऱ्यांची पत्रं फक्त पैसे भरणाऱ्यांना. महिन्याला एकशे नव्वद पेसो. पैसे भरणाऱ्यांना 'सोबती' म्हणायचं, आणि उघड्या भागाच्या शेवटी झुल्मा सोबत्यांची नावं घेऊन त्यांची विचारपूस करायची.

झुल्माने ते लपवूनछपवून केलं नाही. सरळ सांगितलं, "माझं घरभाडं आहे, या मुलांचे पगार आहेत. तुम्ही पावासाठी पैसे देता, तसे माझ्यासाठी द्या." याच्यात गैर काय होतं? काहीच नाही. पण त्याच रविवारी ती म्हणाली, "आणि मेर्सेदेस गावचे एबेर लार्रोसा, निवृत्त औषधवाले, आमचे पहिले सोबती. एबेर, गुडघा कसा आहे?"

पहिले सोबती! नेल्सनने हातोडी अशी आपटली की खुर्चीचा पाय चिरला.

गुडघा कसा आहे म्हणे. नेल्सनची पाठ बारा वर्षं धरलेली होती, तिची कुणी चौकशी केली होती का? हा एबेर कुठे होता अकरा जण असताना? फ्रिज घरघरत होता तेव्हा? आयत्या सोफ्यावर येऊन पाय पसरले, आणि वर पहिले! त्या दिवसापासून नेल्सन रविवारची वाट गोष्टीसाठी पाहीनासा झाला. आज एबेरचं नाव येतं का, किती वेळ येतं, आणि झुल्माचा आवाज 'एबेर' म्हणताना मऊ होतो का, याच्यासाठी पाहायला लागला. नाव यायचंच. आवाजही मऊ व्हायचाच.

"भर की मग एकशे नव्वद," एल्बिया म्हणाली. रविवारची सारण भरलेली राव्हिओली वाढता वाढता तिने त्याचं तोंड पाहिलं होतं.

"पैशाचा प्रश्न नाहीये."

"मग कशाचा आहे?"

त्या दिवशी जेवायला इर्मा तेचेरा आली होती. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, कुणाचं चुकलं की तिला राहवत नसे. ती म्हणाली, "मास्तर, माझी खुर्ची तुम्ही फुकट करता का? मग तिने का फुकट बोलायचं?"

"मी पैसे खुर्ची झाल्यावर घेतो. तुम्ही बसून बघता, मग देता. दारातच कुलूप लावून मागत नाही."

"आणि बसून बघून कुणी दिलेच नाहीत तर?"

"तसे दोघंच निघाले आजवर. त्यांना नाव घेऊन शिव्या देतो, बस." नेल्सनने पाव मोडला. "टोपी फिरवा म्हणावं. कार्निव्हलच्या मंडळांनी चौकात फिरवली, बाहुल्यावाल्यांनी फिरवली, कुणी उपाशी मेलं? आधी गोष्ट, मग टोपी. देणारा मूठ बंद करून हात आत घालतो, मोकळा हात बाहेर काढतो. कुणी किती टाकले, टाकले की नुसता हात घातला, कुणाला कळत नाही. आणि ही बाई नावं वाचते! एकशे नव्वदात गुडघ्याची चौकशी!"

"म्हणजे तुम्हाला चौकशी हवीय," इर्मा म्हणाली.

एल्बिया खो खो हसली. नेल्सन जेवण टाकून उठला.

पण बोलला ते करून दाखवायचं, हा आर्बिसांचा जुना रोग. दुसऱ्या दिवशी त्याने पाचशेची नोट घेतली, टोपीत टाकायच्या नोटेला घालतात तशा चार घड्या घालून लहान केली, तपकिरी पाकिटात ठेवली, पाकीट चिकटवलं. वर प्रकाशनसंस्थेचा पत्ता. पाठवणाऱ्याचं नाव नाही. माँटेव्हिडिओच्या बसचा कंडक्टर ओळखीचा होता, त्याला म्हणाला, "त्यांच्या दाराला पत्रांची फट आहे, तीतून सरकव. विचारलं तर काही बोलू नकोस." त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाकीट जात राहिलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही.

एल्बियाला कळायला दोन महिने लागले. "बघू दे मला नीट," ती म्हणाली. "एकशे नव्वद दिले तर पूर्ण गोष्ट ऐकायला मिळते. तू पाचशे देतोस आणि अर्धीच ऐकतोस. आईने तुला लहानपणी डोक्यावर पाडलं होतं ते मला आठवतंय, पण इतक्या उंचावरून पाडलं असेल असं वाटलं नव्हतं."

नेल्सन हूं म्हणाला. मनातून मात्र तो पाकिटांच्या त्या आठ महिन्यांत सुखात होता. एबेरचं नाव आलं की त्याला वाटायचं, घे बाबा तुझे एकशे नव्वद, घे तुझा गुडघा. खरा ऐकणारा कोण ते टोपीला माहीत आहे.

नवव्या महिन्यात इर्मा खुर्ची न्यायला आली. ती एव्हाना पैसे भरून सोबती झाली होती. खुर्चीवर बसून पाहता पाहता सहज म्हणाली, "तुम्ही टोपी टोपी म्हणता ना मास्तर, तसा एक निघालाय बरं. झुल्माला दर महिन्याला कुणीतरी पाकीट पाठवतं. नाव नाही, गाव नाही. ती बंद भागात त्याच्याबद्दल बोलते तेव्हा बाईचा आवाज भरून येतो. मला वाटतं तो एबेरच असावा. तिने विचारलं तर नुसता हसला."

नेल्सनच्या तोंडात खिळे होते. एक त्याने गिळलाच होता, थोडक्यात वाचला.

इर्मा फाटकाबाहेर पडायच्या आत तो एल्बियाच्या स्वयंपाकघरात होता. "ते एकशे नव्वद कसे भरतात?"

"कशाला? कुलूप लावणाऱ्यांना आपण पैसे देत नाही ना?"

"एल्बिया, भर."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने भरले. नेल्सन कार्यशाळेत जाऊन बसला आणि आठ महिन्यांचे बंद भाग एकापाठोपाठ एक ऐकले. इर्मा खोटं बोलली नव्हती. पहिल्या पाकिटाच्या वेळी झुल्मा म्हणाली होती, "आज दारात एक तपकिरी पाकीट पडलं होतं. आत पाचशेची नोट, चार घड्या. बस. माझे वडील टोपीत अशीच नोट टाकायचे." तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "मी आता गोष्ट सांगायला बसते तेव्हा डोळ्यांसमोर त्यालाच बसवते. तो कसा दिसत असेल कुणास ठाऊक. पण मला माहीत आहे, तो शेवटपर्यंत ऐकतो." शेवटपर्यंत! तो तर अर्ध्यावरच कुलपाशी थांबत होता. ती आठ महिने त्याच्याशी बोलत होती, आणि ते ऐकत कोण होतं? एबेर लार्रोसा!

सहाव्या महिन्यात एबेर स्वतःच फोनवर होता. त्याचा जाडसर, खोकरा आवाज. झुल्माने विचारलं, "एबेर, खरं सांगा, ते पाकीट तुमचं ना?" आणि एबेर हसला. "जाऊ द्या हो बाई," म्हणाला.

जाऊ द्या हो! नाही म्हणायला जीभ झिजत होती मेल्याची? नेल्सनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने ते हसू पुन्हा लावलं, मग पुन्हा लावलं. पाच वेळा ऐकल्यावर तो उठला आणि जे आयुष्यात कुणी टोपीपाशी केलं नसेल ते त्याने केलं. फोनवर बोटाने बटण दाबून धरलं आणि झुल्माला निरोप पाठवला.

"सेन्योरा, मी तक्वारेम्बोचा मास्तर. गोळ्यांच्या कागदांची गोष्ट माझी. ती पाकिटं मी पाठवतो. तपकिरी पाकीट, पाचशेची नोट, चार घड्या, महिन्याचा पहिला सोमवार. एबेर लार्रोसांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मी आजवर बोललो नाही, कारण टोपीत टाकलेलं बोलून दाखवायचं नसतं. पण आता बोलतो." एवढं बोलून त्याला धाप लागली.

उत्तर दोन दिवसांनी आलं. झुल्माचा आवाज, फक्त त्याच्यासाठी. एल्बिया दारात उभी राहून ऐकत होती, तिला जा म्हणण्याचंही भान नेल्सनला राहिलं नाही.

"मास्तर! अहो, होतात कुठे तुम्ही? मला वाटलं, कुलूप लावलं म्हणून रागावून गेलात. गोळ्यांची गोष्ट मी अजून सांगते लोकांना." इथे नेल्सनच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो एल्बियाने पुढे कित्येकांना वर्णन करून सांगितला. मग ती पाकिटावर आली. "पाकिटाचं म्हणाल तर मास्तर, एबेरनी नंतर फोन करून शपथेवर सांगितलं की ते मी नव्हे. त्यांच्यानंतर तिघं जण मी मी म्हणत आले. घड्या, सोमवार, सगळं त्यांनाही माहीत होतं, मीच तर बंद भागात सांगून बसलेय. पहिल्याला मी म्हटलं, पुढच्या पाकिटात एक शब्द लिहून घाला. पुढचं पाकीट आलं, कोरंच. तेव्हा मला कळलं. तो माणूस सांगणाऱ्यांतला नाही. जो येऊन सांगेल तो तो नसणार. आणि खरं सांगू? त्याने कधी नाव लिहूच नये. लिहिलं की मला आभार मानावे लागतील, आणि मग तो इतरांसारखाच होऊन जाईल. तुम्हाला याची गरज काय होती मास्तर? तुमच्या नावावर तर ती सुंदर गोष्ट आहे." आणि शेवटी, अगदी मनापासून, "सोबत्यांत तुमचं स्वागत."

नेल्सनने फोन खिळ्यांच्या वाटीशेजारी पालथा ठेवला.

"या महिन्याच्या पाकिटात नाव घाल," एल्बिया म्हणाली. आता ती हसत नव्हती. "घाल आणि मोकळा हो. खोटा तर नाहीस ना तू."

"ऐकलंस ना काय म्हणाली? लिहूच नये म्हणाली."

"मग नको लिहू. पाठवत राहा. तूच आहेस ना तो?"

पण आता नेल्सन तो राहिला नव्हता. पाकिटवाला बोलत नसे, हा बोलला होता. पाकिटवाल्याला झुल्मा डोळ्यांसमोर बसवायची, याला तिने प्रेमाने खोटारडा ठरवलं होतं. रविवारी उघड्या भागाच्या शेवटी नव्या सोबत्यांची नावं आली. नेल्सनचं नाव सातवं होतं. अकरांतला माणूस, आणि नव्यांत सातवा. त्याच्या आधी एका दंतवैद्याचं नाव होतं आणि त्याच्याही आधी साल्तोच्या कुठल्याशा जुळ्या बहिणींचं. बंद भागात ती पाकिटवाल्याबद्दल बोलली तेव्हा आवाज तसाच भरून आला. नेल्सनने कान देऊन ऐकलं. एबेरच्या गुडघ्याची चौकशी करताना आवाज मऊ व्हायचा, पण असा भरून कधीच येत नसे. एबेरवर इतके दिवस जळून त्याने उगाच तेल घालवलं होतं. खरा माणूस हा होता, हा बिननावाचा, साधासुधा, मोठ्या मनाचा, तोंडातून अवाक्षर न काढणारा. नेल्सनला त्याचा मत्सर वाटायला लागला. एबेरचा कधी वाटला नाही इतका.

पहिला सोमवार आला. बसचा कंडक्टर फाटकाशी येऊन उभा राहिला आणि नेल्सन म्हणाला, "नाही रे, या वेळी काही नाही."

पुढच्याही महिन्यात नाही.

त्यानंतरच्या रविवारी झुल्माने बंद भागात गोष्ट सुरूच केली नाही. म्हणाली, "दोन महिने झाले, पाकीट आलं नाही. पैशाचं नाही हो. पण काही झालं असेल का त्याला? आजारी असेल का? मी या आठवड्यात तीनदा दाराच्या फटीशी जाऊन आले. तुम्ही ऐकत असाल तर एवढंच सांगते, मला तुमच्याशिवाय बोलायला सुचत नाही." आणि थांबली. माइकमध्ये तिचा हुंदका ऐकू आला. इतक्या वर्षांत बाई कधी अशी थांबली नव्हती.

नेल्सनने ते दोनदा ऐकलं. पैसे भरून ऐकलं. पाकिटवाल्यासाठी ती रडत होती, आणि त्याच्यासाठी, नेल्सन आर्बिसासाठी, आयुष्यात कोण रडलं होतं? लगेच एक नोट घेऊन चार घड्या घातल्या असत्या तर सोमवारी तिचा जीव भांड्यात पडला असता, हे त्याला समजत होतं. नोट खिशातच होती. पण तिचा जीव भांड्यात पडणार तो त्या दुसऱ्याच्या नावाने.

त्याने बटण दाबून धरलं.

"सेन्योरा, मास्तर बोलतोय. मागे मी जे बोललो ते खोटं होतं, माफ करा. पण तो पाकिटवाला कोण ते मला माहीत होतं. आमच्याच गावचा. त्याची वाट बघू नका. दोन महिन्यांपूर्वी वारला."

बोट उचललं आणि निरोप गेला. मागे पिठाच्या हातांनी एल्बिया येऊन उभी होती.

"कोण वारलं रे?" तिने विचारलं.

"कुणी नाही," नेल्सन म्हणाला. "तुझ्या ओळखीचा नव्हता."